नागपूरचा सुधारित विकास आराखडा: हरकतीचे तीस दिवस सुरू होण्याआधी आपण काय तयार ठेवायचं?

शुभ्रा_दक्षिण_नागपूर

नमस्कार मंडळी. लिहीन लिहीन म्हणत बरेच दिवस गेले. विषय रुक्ष वाटेल, पण नागपुरात ज्याचं घर, प्लॉट किंवा वावर आहे त्या प्रत्येकाच्या दारापर्यंत तो येणार आहे.

आमच्या ले-आऊटच्या मागे साधारण दीड एकराचा मोकळा तुकडा आहे. माझी मुलं तिथेच सायकल शिकली. सकाळी म्हातारी माणसं फिरतात, गणपतीत मांडव पडतो, उन्हाळ्यात रात्री दहापर्यंत क्रिकेट चालतं. सगळे त्याला 'आपलं ग्राउंड' म्हणत आलो. दिवाळीनंतर एका सकाळी तिथे सिमेंटचे खांब रोवलेले दिसले. चौकशी केली तेव्हा कळलं की ती जागा खाजगी मालकीची आहे, आमच्या ले-आऊटची नाहीच. आणि २००० सालच्या विकास आराखड्यात, म्हणजे शहरातली कुठली जागा कशासाठी हे ठरवणाऱ्या नकाशात, तिच्यावर प्राथमिक शाळा व क्रीडांगणाचं आरक्षण आहे, म्हणजे ती त्यासाठी राखून ठेवलेली आहे. बावीस वर्षं इथे राहून मला यातलं एक अक्षर ठाऊक नव्हतं. फार वाईट वाटलं.

मग झोन दाखला (आराखड्यात जागा कशासाठी दाखवली आहे, त्याचा) आणि भाग नकाशा काढला आणि वाचायला बसले. आतापर्यंत कळलं ते असं. आपल्याकडे हे सगळं महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ प्रमाणे चालतं. शहराचा आराखडा २० वर्षांतून एकदा तरी सुधारायचा असतो. नागपूरचा आराखडा नागपूर सुधार प्रन्यासाने तयार केला, शासनाने तो ७ जानेवारी २००० ला मंजूर केला आणि १ मार्चपासून तो लागू झाला. म्हणजे २० वर्षं कधीच उलटली. सुधारित प्रारूप, म्हणजे मसुदा, प्रसिद्ध झालं की हरकती आणि सूचनांसाठी मिळतात तीस दिवस. तीस दिवसांत मी नकाशा समजून घेणार कधी, शेजाऱ्यांना समजावणार कधी आणि लिहिणार कधी?

जाणकारांनी सांगावं, आधीपासून काय करून ठेवता येतं? आणि मैदानाचं काय होईल, तेही.

जुना_आरेखक

शुभ्राताई, मी उभी हयात नगररचनेच्या नकाशांवर काढली. आधी ट्रेसिंग कापडावर आणि शाईच्या पेनने, शेवटची काही वर्षं संगणकावर. आता निवृत्त आहे. तुमचा प्रश्न योग्य वेळी आला, कारण लोक जागे होतात ते प्रारूप भिंतीवर लागल्यावर, आणि तोवर निम्मं काम झालेलं असतं.

आधी नियोजन प्राधिकरण आराखडा तयार करण्याचा इरादा जाहीर करतं, तो कलम २३ प्रमाणे. मग कलम २५ प्रमाणे विद्यमान जमीन वापराचा नकाशा होतो. त्यानंतर प्रारूप, कलम २६, तिथे तुमचे तीस दिवस. हरकतींवर नियोजन समिती सुनावणी घेते. तिच्यात स्थायी समितीचे तीन सदस्य आणि बाहेरून नेमलेले जास्तीत जास्त चार तज्ज्ञ असतात. पुढे फेरबदल होऊन आराखडा शासनाकडे जातो आणि शासन मंजुरी देतं. कधी काही भाग बाजूला ठेवून मंजुरी मिळते. २००० साली नागपूरचं तसंच झालं होतं, वगळलेल्या भागाची मंजुरी २००१ च्या सप्टेंबरात आली.

मला बोलायचं आहे ते या साखळीतल्या एकाच कडीबद्दल: विद्यमान जमीन वापराचा नकाशा. सगळा डोलारा त्याच्यावर उभा राहतो आणि त्याच्याकडे कोणी ढुंकून बघत नाही.

पूर्वी आम्ही मौजाचे, म्हणजे महसुली गावाचे, नकाशे हातात घेऊन गल्लोगल्ली फिरायचो. खसरा नंबर, म्हणजे जमिनीच्या तुकड्याचा नंबर, शोधायचा, समोर काय आहे ते पाहायचं आणि रंग भरायचा. राहतं घर असेल तर पिवळा, दुकानं निळी, कारखाना जांभळा, शेती हिरवी. चहाच्या टपरीवर बसून पाच माणसांना विचारल्याशिवाय मी कुठल्याही मोकळ्या तुकड्याला रंग दिला नाही. आता उपग्रहाचं चित्र असतं, ड्रोन असतो आणि काम झपाट्याने उरकतं. पण वरून छप्पर दिसतं, छपराखाली काय चालतं ते दिसत नाही. पत्र्याखाली बालवाडी आहे की गोदाम, ते खाली उतरून विचारावंच लागतं. दुसरी अडचण अशी की मौजाचे जुने नकाशे साखळीने मोजलेले. ते उपग्रहाच्या चित्रावर ठेवले की नीट बसत नाहीत. कुठे दहा फूट सरकतात, कुठे तीस. मग कागदावरचा रस्ता कोणाच्या तरी स्वयंपाकघरातून जातो आणि नाला शेजाऱ्याच्या अंगणात येतो.

मुंबईचं उदाहरण सगळ्यांना आठवत असेल. २०१५ साली तिथलं प्रारूप इतकं चुकांनी भरलेलं निघालं की मुख्यमंत्र्यांनी ते नव्याने करायला सांगितलं, आणि अंतिम मंजुरीला २०१८ उजाडलं. त्या चुकांतल्या कितीतरी विद्यमान वापराच्या नकाशातच होत्या.

तिसरी गोष्ट लोकसंख्या. शाळा किती, दवाखाने किती, बाजार किती, हे ठरतं पुढच्या २० वर्षांत किती माणसं असतील या अंदाजावर. नागपूर शहराचा शेवटचा पक्का आकडा २०११ च्या जनगणनेचा, सुमारे २४ लाख. २०२१ ची जनगणना वेळेवर झालीच नाही. म्हणून तुमच्या प्रभागात किती नवे फ्लॅट झाले, जवळची शाळा किती लांब आहे, हे मोजून वहीत लिहून ठेवा. ती वही कामाला येईल.

आजोबांची_वाडी

मी तुमच्या विरुद्ध बाजूचा आहे, तरी लिहितो. तुमच्या त्या मैदानासारख्याच एका तुकड्याचा मी वारस. मौजा सांगत नाही. आजोबांनी घेतलेली पाऊण एकर जागा, विहीर आणि तीन संत्र्याची झाडं. २००० च्या आराखड्यात तिच्यावर उद्यानाचं आरक्षण पडलं. घरात कोणालाच पत्ता नव्हता. बहिणीच्या लग्नासाठी अर्धी जागा विकायला काढली तेव्हा घेणाऱ्याच्या वकिलाने सांगितलं.

त्यानंतर वडील कचेरीच्या पायऱ्या झिजवत राहिले. घ्यायची असेल तर घ्या आणि पैसे द्या, नसेल घ्यायची तर सोडा, एवढंच मागणं होतं. उत्तर ठरलेलं: निधी नाही, प्रस्ताव विचाराधीन आहे. बांधायला परवानगी नाही, बँक कर्ज देत नाही, आणि कर मात्र भरायचा. वडील २०१६ ला गेले. शेवटच्या आजारात जागा विकता आली असती तर कर्ज काढावं लागलं नसतं.

मैदान सगळ्यांना हवं आहे, मलाही हवं. पण त्याची किंमत एकाच घराने का द्यावी, हे मला कोणीतरी सांगा.

शुभ्रा_दक्षिण_नागपूर

आजोबांची वाडी, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. खरं सांगते, खांब पाहिले त्या दिवशी मी त्या मालकांबद्दल घरात बसून वाटेल ते बोलले होते. त्यांच्या घरातही असंच काही झालं असेल हे मनातसुद्धा आलं नाही. तुमच्या वडिलांबद्दल वाचून गलबलून आलं.

पण मग मार्ग काय? मैदानही राहावं आणि तुमच्यासारख्यांवर अन्यायही होऊ नये, असं काही असतं का?

रेषा_वास्तुरचनाकार

असतं, पण दोन्ही बाजूंनी वेळेवर हालचाल करावी लागते. कायद्याची बाजू नीट सांगते, कारण याबाबत गैरसमज फार आहेत.

आरक्षित जागा मिळवायचे रस्ते कलम १२६ मध्ये आहेत. वाटाघाटीने पैसे देऊन घ्यायची, किंवा मालकाला पैशांऐवजी टीडीआर म्हणजे हस्तांतरणीय विकास हक्क (दुसरीकडे जादा बांधकाम करायचा, विकताही येणारा हक्क) द्यायचा, किंवा भूसंपादन करायचं. २०१३ चा भूसंपादन कायदा आल्यापासून बाजारभाव आणि त्यावर तेवढीच आणखी दिलासा रक्कम द्यावी लागते. जुन्या कायद्यात ती ३० टक्के होती. मालकाच्या दृष्टीने हे न्याय्यच आहे, पण महापालिकांच्या तिजोरीला शेकडो आरक्षणं अशी विकत घेणं झेपत नाही. म्हणून भर टीडीआरवर असतो. डिसेंबर २०२० पासून लागू असलेल्या राज्याच्या एकत्रिकृत बांधकाम नियमावलीत, दाट वस्तीच्या बाहेर जागा दिली तर तिच्या दुप्पट टीडीआर मिळतो. बाजारात टीडीआरला भाव असेल तर हा चांगला सौदा आहे, नसेल तर हातात फक्त कागद राहतो.

आता कलम १२७. आराखडा लागू झाल्यापासून दहा वर्षांत जागा घेतली नाही, तर मालक खरेदी सूचना, म्हणजे 'जागा घ्या नाहीतर सोडा' अशी नोटीस, देऊ शकतो. सूचना पोचल्यापासून चोवीस महिन्यांत जागा घेतली नाही किंवा घेण्याची खरी पावलं उचलली नाहीत, तर आरक्षण व्यपगत होतं, म्हणजे आपोआप संपतं. पूर्वी ही मुदत बारा महिन्यांची होती. 'पावलं' म्हणजे नुसता पत्रव्यवहार नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने २००७ च्या गिरनार ट्रेडर्स निकालात सांगितलं. व्यपगत झालं की शेजारच्या जमिनीला जो वापर चालतो तो या जमिनीलाही चालतो.

आजोबांची वाडी, तुमच्यासाठी महत्त्वाचं: सुधारित आराखडा मंजूर होण्याआधी तुम्ही सूचना दिली नाही आणि नव्या आराखड्यात तेच आरक्षण कायम राहिलं, तर दहा वर्षांची मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. २०१५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाची भूमिका हीच होती. तेव्हा थांबू नका, चांगला वकील गाठा आणि मालकीची कागदपत्रं जोडून सूचना द्या. कागदपत्रं जोडली नाहीत म्हणून कितीतरी सूचना निकामी ठरल्या आहेत.

आणि शुभ्राताई, तुमच्यासाठी याच नाण्याची दुसरी बाजू. मैदान जातं ते असं शांतपणे. एक सूचना येते, चोवीस महिने सरतात, राजपत्रात दोन ओळी छापून येतात आणि मोहल्ल्याला कळतं ते पोकलेन आल्यावर. तुमच्या ग्राउंडवर अशी सूचना आली आहे का, हे माहितीच्या अधिकारात आजच विचारा. आली असेल तर किती महिने उरले आहेत ते कळेल आणि नगरसेवकांपासून आयुक्तांपर्यंत सगळ्यांकडे निधीची किंवा टीडीआरची मागणी लावून धरता येईल.

मधला रस्ताही आहे. नियमावलीत त्याला समावेशक आरक्षण म्हणतात. मालक जागेचा ठरावीक भाग सोयीसकट विकसित करून प्राधिकरणाला विनामूल्य देतो आणि उरलेल्या भागावर स्वतःचं बांधकाम करतो. किती भाग द्यायचा ते आरक्षणाच्या प्रकारावर ठरतं. पूर्ण मैदान राहत नाही, पण सगळंच जाण्यापेक्षा बरं, असं माझं मत आहे.

बेस्याकडचा_गजानन

ताई, दादा, तुम्ही शहरातल्या आरक्षणाचं बोलून ऱ्हायले. आमच्या इकडची गोष्ट निराळी हाय. इकडं वावर होतं, वावराचे प्लॉट पडले, लोकायनं पै पै जोडून घेतले, घरं बांधली. कोणी विचारलं नाही का हे पिवळ्यात हाय का हिरव्यात. पटवाऱ्याकडं फेरफार झाला म्हणजे झालं, असंच समजत होतो आम्ही.

आता शहराभोवतीच्या गावायचा आराखडा वेगळा. महानगर क्षेत्र म्हणतेत, साडेतीन हजार चौरस किलोमीटरच्या वर. प्रारूप २०१५ ले आलं, मंजुरी २०१८ च्या जानेवारीत. प्रारूप आलं तवा आमच्या गावात चावडीवर बातमी आली, पण नकाशा पाहाले शहरात जा लागे. गेलो तर मोठा थोरला नकाशा, त्यात आपला खसरा सापडता सापडेना. वावरातल्या कामाच्या घाईत कोण जाईल रोज रोज? ज्याईनं हरकत टाकली त्याईचं काही ना काही झालं. आम्ही टाकली नाही.

गुंठेवारीचा, म्हणजे परवानगीबिगर पाडलेले प्लॉट नियमित कराचा, कायदा हाय, २००१ चा, नंतर त्याची तारीख वाढून ३१ डिसेंबर २०२० पर्यंत केली. नागपुरात ५७२ अन् १९०० ले-आऊट म्हटलं का, म्हणजे अशा अनधिकृत ले-आऊटच्या याद्या, लहान पोरगंही समजते. डिमांड, म्हणजे शुल्क, भरा, आरएल, म्हणजे प्लॉट नियमित झाल्याचं पत्र, काढा. पण आरएल निघाली म्हणून रस्ता होत नाही न भाऊ, नाली होत नाही. अन् ज्या ले-आऊटातून आराखड्याचा रस्ता जाते त्याची आरएल अडकते. माह्या सोयऱ्याची अडकली हाय.

माहं एकच म्हणणं: नकाशा गावात आणा. ग्रामपंचायतीच्या भिंतीवर आमच्या मौजाचा तुकडा मोठा करून लावा, खसरा नंबरासकट.

जुना_आरेखक

गजाननभाऊ, तुमची मागणी शंभर टक्के बरोबर आहे आणि ती हरकतीतसुद्धा लिहायची. "आमच्या मौजाचा नकाशा खसरा क्रमांकांसह ग्रामपंचायतीत उपलब्ध करावा" अशी सूचना द्यायला कोणी अडवत नाही. प्रारूपाची प्रमाणित प्रत वाजवी दरात विकत मिळण्याची तरतूद कायद्यातच आहे. दहा जणांनी वर्गणी काढून एक घ्यावी.

नागकाठ

मी नदीचा मुद्दा घेतो. आमचं घर नाग नदीपासून फार लांब नाही. २३ सप्टेंबर २०२३ ची पहाट आम्ही जन्मात विसरणार नाही. काही तासांत १०० मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि पाणी थेट घरात. आई ८१ वर्षांची, तिला मी आणि शेजारच्या पोराने खुर्चीसकट जिन्यावर नेलं. फ्रिज तरंगत होता. वडिलांचे सगळे फोटो गेले.

त्यानंतर पूररेषा या शब्दाशी ओळख झाली. निळी रेषा साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत बांधकामाला मनाई, निळ्या आणि लालच्या मध्ये अटींसह. पण या रेषा आराखड्याच्या नकाशावर नीट उतरल्या पाहिजेत, आणि नुसत्या नाग नदीच्या नव्हे. पिवळी नदी आहे, पोरा नदी आहे, त्यांना मिळणारे कितीतरी नाले आहेत. वस्तीतले नाले कुठे स्लॅबखाली गेले, कुठे वळवले गेले. जुन्या माणसांना विचारा, ते बोट दाखवतात: इथून पाणी जायचं.

आरेखक काका, विद्यमान वापराच्या नकाशात असा बुजलेला नाला दाखवायला लावता येतो का?

जुना_आरेखक

येतो, आणि यायलाच हवा. मौजाच्या जुन्या नकाशात नाला दुहेरी रेषेने दाखवलेला असतो. भूमी अभिलेख कार्यालयातून त्याची प्रत काढा. २०२३ च्या पुरात पाणी कुठवर आलं त्याच्या खुणा भिंतींवर असतील तर फोटो काढून जमिनीपासूनची उंची लिहून ठेवा. दोन्ही कागद एकत्र जोडा. पाणी आपली जुनी वाट सोडत नाही, हे नकाशावाल्याला पटवायला याहून मोठा पुरावा लागत नाही.

आता हरकत कशी लिहायची. मी सुनावणीच्या खोलीत बसून शेकडो ऐकल्या आहेत. "आमच्यावर अन्याय झाला, आरक्षण रद्द करा" एवढंच लिहिलेली हरकत दोन मिनिटांत संपते. समितीपुढे मौजा, खसरा क्रमांक आणि प्रारूपातला आरक्षण क्रमांक आला पाहिजे. काय चुकलं ते एका वाक्यात. त्याचा पुरावा. आणि सगळ्यात मोलाचं म्हणजे पर्याय: ही शाळा इथे नको तर कुठे, तो खसरा नंबरही द्या. मला आठवतं, एका मोहल्ल्यातल्या बायकांनी शंभर सह्यांच्या निवेदनाऐवजी हाताने काढलेला एकच नकाशा आणला होता. कोणत्या घरातली मुलं कोणत्या शाळेत जातात, मध्ये कोणता रस्ता ओलांडतात, सगळं रंगीत पेन्सिलीने. समितीतले सगळे उठून टेबलाभोवती उभे राहिले. रस्त्याची आखणी बदलली त्या दिवशी.

पोच घ्यायला विसरू नका. सुनावणीच्या दिवशी स्वतः जा, वकील असला तरी.

रेषा_वास्तुरचनाकार

काकांच्या म्हणण्याला +१. एक जोडते. ले-आऊटमधली खुली जागा आणि आराखड्यातलं आरक्षण, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मोठ्या ले-आऊटमध्ये १० टक्के खुली जागा सोडावी लागते, ती त्या रहिवाशांसाठीच. तिच्यावर कोणी मंगल कार्यालय उभारत असेल तर लढा वेगळा आणि कागदही वेगळे. शुभ्राताईंसारखी गल्लत पुष्कळांची होते. आपल्या मंजूर ले-आऊटची प्रत आधी काढा.

मेट्रो मार्गाच्या दोन्ही बाजूंना ५०० मीटरच्या पट्ट्यात २०१७ पासून जास्त चटईक्षेत्र, म्हणजे जास्त बांधकामाची परवानगी, मिळतं, हेही लक्षात असू द्या. तिथे दुमजली घरांच्या जागी टॉवर येतील. तेवढ्या माणसांना शाळा, पाणी आणि बाग कुठे, हा प्रश्न नव्या आराखड्याला विचारायलाच हवा.

आजोबांची_वाडी

रेषाताई, कलम १२७ चं मला अर्धवटच माहीत होतं. वडिलांनी अर्ज खूप केले, पण खरेदी सूचना अशी कधी दिली नव्हती. कालच एका वकिलांना भेटलो. कागदपत्रं काढायला सांगितली आहेत: जुना सातबारा, वारस नोंद, मोजणीची प्रत.

सूचना देणार आहे. पण सोबत एक पत्रही देणार: समावेशक आरक्षणाखाली अर्ध्या जागेत बाग करून द्यायला मी तयार आहे. विहीर त्या भागात ठेवायची, अशी माझी अट आहे. आजोबांनी ती स्वतः उभं राहून खणून घेतली होती.

शुभ्रा_दक्षिण_नागपूर

हे वाचून डोळ्यात पाणी आलं. तुमच्या बागेला आम्ही सगळे येऊ.

आमच्याकडचं सांगते. माहितीच्या अधिकाराचा अर्ज सोमवारी टाकला. आणि आज संध्याकाळी हिंमत करून ग्राउंडच्या मालकांच्या घरी गेले, सोबत ले-आऊटमधले दोन काका. वृद्ध जोडपं आहे, मुलगा पुण्याला. त्यांनी चहा केला. खांब रोवले कारण कोणीतरी रात्री मलबा टाकून जात होतं. खरेदी सूचना त्यांनी दिलेली नाही, अशी काही सोय आहे हेच त्यांना माहीत नव्हतं. मी सांगितलं. काकांनी बाहेर आल्यावर विचारलं, "कशाला सांगितलंस? आपलंच मैदान जाईल." मला न सांगता निघणं जमलं नसतं. त्यांना टीडीआर आणि समावेशक आरक्षणाबद्दलही सांगितलं आहे. रेषाताई, तुम्ही त्यांच्याशी एकदा बोलाल का? व्यक्तिगत निरोप पाठवते.

येत्या रविवारी सकाळी सात वाजता आम्ही बारा जण मौजाचा नकाशा घेऊन वस्तीत फिरणार आहोत. आरेखक काकांनी सांगितलेल्या पद्धतीने रंग भरायचे. बुजलेला एक नाला आमच्याकडेही आहे, राशनच्या दुकानामागे. सासूबाई म्हणतात तिथे पूर्वी म्हशी बसायच्या. त्यांनाच पुढे घालून नेणार आहे.

जुना_आरेखक

मीही येतो. रंगीत पेन्सिली माझ्याकडे आहेत. नकाशाच्या दोन प्रती आणा, एक चुकायला लागते. आणि टेप पन्नास मीटरचा हवा, घरातला छोटा पुरत नाही.

बेस्याकडचा_गजानन

काका, आमच्याकडं कवा येता? टेप माह्याजवळ हाय.